गाडे कॅल्क्युलसपाशी अडत नाही

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे दोन-तीन आठवडे एकच चर्चा चालते. कोण इंजिनिअरिंगला जाणार, कोणाला फार्मसी मिळणार आणि कोण ‘नुसते’ बीएस्सी करणार. (हा ‘नुसते’ शब्द मला कायम टोचत आला आहे. असो.) या गडबडीत गणित घेऊन पुढे जाणाऱ्या मुलांना घरचे, शेजारचे आणि शिकवणीवाले सगळे मिळून एकच सल्ला देतात : सुट्टीत कॅल्क्युलस करून ठेव. मुले बिचारी ऐकतात. जाडजूड पुस्तक आणतात, इंटिग्रेशनचे प्रकार पाठ करतात, आणि कॉलेज सुरू होऊन महिना झाला की तोंड पाडून सांगतात, ‘‘सर, कॅल्क्युलस म्हाका कळना.’’

माझे मत या सल्ल्याच्या नेमके उलट आहे आणि ते इथे एकदा नीट मांडून टाकतो. उच्च गणिताकडे जाऊ पाहणाऱ्या मुलाने ती सुट्टी, आणि जमल्यास कॉलेजचे पहिले सत्रसुद्धा, बीजगणित आणि त्रिकोणमिती यांतच घालवावे. उजळणी म्हणून नव्हे. उजळणी म्हणजे आधी येत असलेले पुन्हा चाळणे. हे बहुतेकांना कधी आलेलेच नसते. गुण मिळालेले असतात, ती गोष्ट वेगळी.

मुलांच्या वह्या बरीच वर्षे तपासल्यावर एक गोष्ट मला पक्की कळली आहे. कॅल्क्युलसमध्ये ज्यांचे गाडे अडते त्यांचे चाक कॅल्क्युलसच्या चिखलात रुतलेले नसते. उदाहरण घ्या. वर्गमूळ क्ष याचे डेरिव्हेटिव्ह व्याख्येवरून काढायचे आहे. म्हणजे √(क्ष + ह) मधून √क्ष वजा करायचे, उत्तराला ह ने भागायचे आणि ह शून्याकडे सरकला की काय होते ते पाहायचे. यात कॅल्क्युलस असा शेवटच्या एका ओळीपुरता. खरे काम त्याआधीचे : वर-खाली √(क्ष + ह) + √क्ष या बेरजेने गुणायचे, म्हणजे वर नुसता ह उरतो, तो खालच्या ह बरोबर जातो, आणि मगच ह ला शून्य करायला वाट मोकळी होते. मुलगा अडतो तो या गुणण्यापाशी. ‘‘हे मुळात का गुणले?’’ असा प्रश्न त्याला पडतो, तो विचारत नाही, पायरी पाठ करतो. पुढच्या गणितात वर्गमूळ खाली असले की संपले!

साइनच्या वर्गाचे इंटिग्रेशन घ्या. त्याला दुप्पट कोनाचे सूत्र आठवावे लागते, आणि त्याआधी ‘इथे ते सूत्र लागेल’ हे दिसावे लागते. भाजकाचे अवयव पाडून अपूर्णांक सुटे करायचे म्हटले तर ते तर नववी-दहावीचे काम. म्हणजे ज्याला मुले कॅल्क्युलस म्हणून घाबरतात त्यातला मोठा हिस्सा जुनाच माल असतो, फक्त वेष्टन नवे.

या जुन्या मालात सगळ्यात जास्त दिसणारा दोष म्हणजे वाटणी करण्याची हौस. अ आणि ब यांच्या बेरजेचा वर्ग म्हणजे अ चा वर्ग अधिक ब चा वर्ग. बेरजेचे वर्गमूळ म्हणजे वर्गमुळांची बेरीज. एक भागिले (अ + ब) म्हणजे एक भागिले अ अधिक एक भागिले ब. साइनच्या कंसात बेरीज असली तर साइन दोघांना सारखा वाटून द्यायचा. आमच्या गोव्यात भाटांच्या वाटण्या पिढ्यान्‌पिढ्या चालतात, मान्य. पण कंसाची वाटणी इतक्या सहज होत नाही. ३० अंशांचा साइन अर्धा, ६० अंशांचा ०.८६६. दोन्हींची बेरीज १.३६६ आली. आता ९० अंशांचा साइन १ आहे आणि कोणताही साइन एकाच्या वर जातच नाही, हे त्याच मुलाला तोंडपाठ असते. तरीही तो असे लिहितो. म्हणजे आकडे घालून पाहावे, आपण लिहिले ते खरे आहे की नाही हे आपल्यालाच तपासता येते, ही कल्पनाच त्याच्यापर्यंत पोचलेली नाही. त्याच्या दृष्टीने बरोबर-चूक ठरवणारा कोणीतरी बाहेर बसलेला आहे : मास्तर, उत्तरतालिका, आता मोबाइल.

वर्गसमीकरणाचे सूत्र प्रत्येकाला येते. झोपेतून उठवून विचारा. ते कुठून आले असे विचारले की शांतता. भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात श्रीधराचार्यांची म्हणून एक युक्ती दिली आहे. वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने सगळे समीकरण गुणा आणि मधल्या सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवा. आता ३क्ष² + ५क्ष = २ हे समीकरण घेऊ. १२ ने गुणले : ३६क्ष² + ६०क्ष = २४. दोन्हीकडे २५ मिळवले. डावीकडे (६क्ष + ५) चा वर्ग झाला, उजवीकडे ४९. म्हणून ६क्ष + ५ हे ७ किंवा उणे ७, आणि क्ष एक तृतीयांश किंवा उणे २. शेवटच्या भागाकारापर्यंत एकही अपूर्णांक आला नाही. हीच कृती आकड्यांऐवजी अक्षरे घेऊन केली की ते पाठ केलेले सूत्र समोर उभे राहते. चार ओळींचे काम. ते एकदा स्वतःच्या हाताने केलेल्या मुलाला सूत्र विसरण्याची भीती उरत नाही, आणि ‘पूर्ण वर्ग करणे’ ही कृती पुढे वर्तुळ-विवृत्ताच्या समीकरणांत, इंटिग्रेशनमध्ये, पार संभाव्यताशास्त्रातल्या घंटेच्या आकाराच्या वक्रापर्यंत हाताशी येते.

भास्कराचार्य अव्यक्त राशींना रंगांची नावे देत : पहिली यावत्तावत्, मग कालक, नीलक, पीतक. लिहिताना या, का, नी, पी. म्हणजे आमचा क्ष आणि य हा काही परका पाहुणा नव्हे. त्यांचा सिद्धान्तशिरोमणि हा ग्रंथ ११५० सालचा. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याची नोंद असलेला शिलालेख खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे, आणि तो अभ्यासकांपुढे आणला तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. भाऊ दाजी मूळचे पेडण्यातल्या मांद्र्याचे! आम्हाला ते मुंबईचे धन्वंतरी म्हणून ठाऊक असतात; भारतीय ज्योतिर्गणित्यांच्या काळनिर्णयावरचा त्यांचा १८६५ सालचा निबंध मात्र मांद्र्यातही कोणाच्या ध्यानात नसावा.

आता त्रिकोणमितीकडे येतो, कारण माझा खरा जीव तिथे अडकला आहे.

शाळेत त्रिकोणमिती सुरू होते काटकोन त्रिकोणाने. समोरची बाजू भागिले कर्ण. माडाची उंची काढा, दीपगृहावरून होडी किती दूर ते काढा. तिथपर्यंत ठीक चालते. अकरावीत एकदम १५० अंशांचा साइन येतो, उणे ३० अंशांचा कोसाइन येतो. काटकोन त्रिकोणात १५० अंशांचा कोन बसवायचा कुठे? मुलगा हे विचारत नाही, कारण तोवर त्याला ‘ऑल सिल्व्हर टी कप्स’ हा मंत्र मिळालेला असतो. कोणत्या चरणात काय धन, काय ऋण हे चांदीच्या कपांवरून ठरते. कप कुठून आले, त्यात चहा कोणी ओतला, देव जाणे.

खरे पाहता साइन हा मुळात त्रिकोणाचा नव्हेच, वर्तुळाचा. आणि हे आपल्या जुन्या शब्दात लख्ख दिसते. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा तुकडा म्हणजे चाप, धनुष्य. त्याची दोन टोके जोडणारी ती ज्या. चापाच्या मध्यापासून दोरीपर्यंतचा तो शर, बाण. आर्यभटाने हिशेबाला अर्धी दोरी घेतली, अर्धज्या, आणि पुढे ‘अर्ध’ गळून नुसते ज्या राहिले. जीवा हा त्याचाच दुसरा शब्द. तो अरबांकडे जाऊन ‘जीबा’ झाला, अरबीत स्वर लिहीत नसल्यामुळे पुढच्यांनी तो ‘जैब’ वाचला. जैब म्हणजे कपड्याची घडी, खोबण. हिंदीतली जेब तीच. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी त्याला आपला घडीचा शब्द दिला, सायनस. त्याचा इंग्रजीत साइन झाला आणि पोर्तुगीजमध्ये ‘सेनु’. म्हणजे आमच्या आजोबांच्या पिढीतल्या जे कोणी पणजीच्या लिसेवात त्रिकोणमिती शिकले त्यांनीही धनुष्याच्या दोरीलाच खिसा म्हटले! इतका प्रवास करून शब्द घरी आला तेव्हा त्यातले चित्र पुसून गेले होते. वर्तुळावर फिरणारा एक बिंदू घ्या, तो आडव्या रेषेपासून किती वर किंवा खाली आहे ते पाहा, तोच साइन. मग १५० अंशांची अडचण राहत नाही, चांदीच्या कपांची गरज राहत नाही. बिंदू वर असला की धन, खाली असला की ऋण.

रेडियनचेही तसेच. १८० अंश म्हणजे पाय रेडियन हे मुले परिवर्तनाचा दर पाठ केल्यासारखे म्हणतात, रुपये-डॉलरसारखे. अंश चांगले चालले असताना हे नवे खूळ कशाला, याचे उत्तर पुस्तकात एका वाक्यात उरकलेले असते. आर्यभटाच्या ४९९ सालच्या ज्यासारणीत ते उत्तर आहे. वर्तुळाचे अंश ३६०, प्रत्येकाच्या कला ६०, म्हणजे परिघ २१,६०० कलांचा. त्या मापाने त्रिज्या येते ३,४३८ कला. आर्यभटाने त्रिज्या तेवढीच धरली, म्हणजे चाप आणि ज्या दोन्ही एकाच मापात मोजली. त्याच्या सारणीतला पहिला चाप २२५ कलांचा, म्हणजे पावणेचार अंशांचा. त्याची ज्या? तीही २२५. पुढे चाप ४५० झाला की ज्या ४४९, मग ६७५ ला ६७१, मग ९०० ला ८९०. चाप लहान असला की धनुष्य आणि दोरी जवळजवळ एकच. चाप वाढेल तशी दोरी मागे पडते. कॅल्क्युलसमध्ये ‘साइन क्ष भागिले क्ष याची सीमा एक’ असे जे सुरुवातीलाच येते, आणि ज्यावर साइनचे सगळे डेरिव्हेटिव्ह उभे आहे, ते या पहिल्या नोंदीत डोळ्यांनी दिसते. कोन आणि दोरी एकाच मापाने मोजली तरच ते ‘एक’ येते. अंशांत मोजाल तर दर वेळी एक ओंगळ गुणक शेपटासारखा मागे लागेल. रेडियन हे खूळ नाही, सोय आहे. पण हे कळायला एक अख्खा तास सारणी समोर ठेवून बसावे लागते.

आणि ती बेरजेची सूत्रे! दोन साइनची बेरीज म्हणजे त्यांच्या निम्म्या बेरजेचा साइन गुणिले निम्म्या वजाबाकीचा कोसाइन, आणि त्याची दुप्पट. अशी चार सूत्रे एका पानावर रांगेत उभी असतात. मुले ती परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करतात आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विसरतात. यांचा उपयोग काय, असे कोणी विचारले तर मी त्याला खाजनाच्या बांधावर जायला सांगतो.

मांडवी-जुवारीच्या काठची खाजने आपल्याला काही नवीन नाहीत. मानशीची दारे भरतीला मिटतात, सुकतीला उघडतात. भरती येते ती दोन मुख्य कारणांनी. चंद्राची लाट साधारण १२ तास २५ मिनिटांनी पुन्हा येते, सूर्याची बरोबर १२ तासांनी. (बारीकसारीक लाटा आणखी पुष्कळ आहेत, त्या सध्या बाजूला ठेवू.) दोन्ही साइनच्या आकाराच्या. समुद्राला चंद्राचे पाणी कोणते आणि सूर्याचे कोणते हे ठाऊक नसते. तो बेरीज करतो. आता ते पाठ केलेले सूत्र या बेरजेला लावा. निम्म्या बेरजेचा साइन म्हणजे दिवसातून दोनदा होणारी भरती-सुकती. निम्म्या वजाबाकीचा कोसाइन मात्र फार सावकाश हलतो, आणि तो त्या भरतीची उंची कमी-जास्त करत राहतो. किती सावकाश? हिशेब केला तर भरती एका मोठ्या उंचीपासून पुढच्या मोठ्या उंचीपर्यंत जायला पावणेपंधरा दिवस लागतात. अमावास्या ते पौर्णिमा! आपल्याकडच्या मासेमाऱ्याला उधाण आणि भांग कधी हे पंचांगाशिवाय सांगता येते. ते ज्या कारणाने होते ते कारण बारावीच्या मुलाच्या वहीत चार सूत्रांपैकी पहिले म्हणून लिहिलेले असते, आणि दोघांची गाठ कधी पडत नाही. चंद्राची लाट सूर्याच्या लाटेहून बरीच मोठी, म्हणून भांगाच्या दिवशीही पाणी अगदी स्थिर राहत नाही. दोन लाटांची उंची वेगळी असली तर सूत्र कसे बदलेल? हा प्रश्न मी हुशार मुलाला घरी न्यायला देईन. त्यात दोन-तीन संध्याकाळी सहज जातात.

असे काही केले की त्रिकोणमिती त्रिकोणातून सुटते आणि पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टींचे शास्त्र होते. पुढे फूरिये येतो, कंपने येतात, विजेचे प्रवाह येतात, सगळे याच वाटेने.

आता जी मुले खरोखर गणितातच राहणार, बीएस्सीला तिसऱ्या वर्षापर्यंत आणि त्यापुढे, त्यांच्याबद्दल. त्यांच्यापुढे रिअल ॲनालिसिस नावाचा घाट असतो. तिथे डेल्टा-एप्सिलॉनची भाषा सुरू होते आणि वर्गातली निम्मी मुले मनाने बाहेर पडतात. तिथे अडते तेही बीजगणितच : असमानता आणि केवल मूल्य. केवल मूल्य म्हणजे ‘उणे चिन्ह काढून टाकणे’ असे शिकलेल्या मुलाला, क्ष ऋण असेल तर त्याचे केवल मूल्य उणे क्ष असते, हे वाक्यच उलटे वाटते. ‘उणे काढायचे होते ना सर, तुम्ही घातले!’ केवल मूल्य म्हणजे अंतर, दोन संख्यांच्या फरकाचे केवल मूल्य म्हणजे हमरस्त्यावरच्या मैलाच्या दोन दगडांमधले अंतर, हे आधीच ठसलेले असते तर डेल्टा-एप्सिलॉन म्हणजे ‘तू इतका जवळ ये, मी तितका जवळ येतो’ एवढेच आहे.

दुसरे, सिद्धता लिहिणे. इथे मला राग येतो म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. २०२२ साली एनसीईआरटीने अभ्यासक्रम हलका करताना अकरावीच्या गणितातून विगमन पद्धतीचे, म्हणजे मॅथेमॅटिकल इंडक्शनचे, अख्खे प्रकरण काढून टाकले. गणिती विधानांच्या तर्काचेही प्रकरण गेले. ती पुस्तके आमच्या मुलांच्याही हातात असतात. ओझे कमी करायचे होते, समजू शकतो. पण गाडी हलकी करायची म्हणून चाक काढायचे? ‘एकासाठी खरे आहे, आणि कुठल्याही एका पायरीवर खरे असेल तर पुढच्या पायरीवरही खरे ठरते, म्हणून सगळीकडे खरे’ ही तीन वाक्ये बोलायला शिकणे म्हणजे सिद्धतेची मुळाक्षरे. पहिल्या न विषम संख्यांची बेरीज न चा वर्ग येते हे सोळाव्या वर्षी स्वतः सिद्ध केलेल्या मुलाला पुढे सिद्धता हा मंत्रपाठ वाटत नाही. आता पदवीच्या वर्गात शिक्षकाने हे गृहीत धरायचे आणि मुलाने ते कधी पाहिलेले नसायचे, असा प्रकार होऊन बसला आहे.

माझ्या ओळखीचे एक सद्‌गृहस्थ म्हणतात, ‘‘हे सगळे आता कशाला? समीकरणाचा फोटो काढला की मोबाइल पायऱ्यांसकट उत्तर देतो.’’ देतो, आणि बहुधा बरोबर देतो. मी स्वतः लांबलचक आकडेमोडीला यंत्र वापरतो, त्यात कमीपणा मानत नाही. पण कोणत्या वेळी काय विचारावे हे यंत्र शिकवत नाही, आणि ते कळण्यासाठी डोळ्यांना आकार ओळखता यावे लागतात. गोव्यात तर हे समजावून सांगायला नको. केसरबाई-मोगूबाईंच्या या भूमीत पलटे घोटणे म्हणजे वेळेचा अपव्यय असे कोणी म्हणत नाही, आणि पेटीवर तेच स्वर बिनचूक वाजतात म्हणून गळ्याचा रियाझ कोणी सोडत नाही. बीजगणित हे गणिताचे पलटे आहेत. फक्त एक फरक करायला हवा : एकाच छापाची पन्नास गणिते म्हणजे रियाझ नव्हे. दहा गणिते, दहा वेगळ्या चालींची, आणि प्रत्येक दोन रीतींनी सोडवलेले, याला मी रियाझ म्हणेन.

भाषेबद्दल न लिहिता हा लेख संपवला तर माझे वाचक मला ओळखणार नाहीत! माध्यमाच्या वादात मी इथे शिरत नाही, त्यावर आपण सगळे पुरेसे भांडलो आहोत. वस्तुस्थिती एवढीच, की आमची कितीतरी मुले चौथीपर्यंत बेरीज-गुणाकार मराठीत किंवा कोकणीत करतात आणि पाचवीपासून गणित इंग्रजीत जाते. पाढे मनात अजून ‘बे दुणे चार’ असे चालतात आणि बीजगणित मात्र ‘टेक कॉमन, कॅन्सल आउट’ असे. ‘कॅन्सल आउट’ हा शब्द मला घातक वाटतो. काहीही काट मारली तरी तो कॅन्सलच. वर बेरीज असली तरी एक पद काटायचे. मराठीत तेच सांगायचे झाले तर ‘दोघांना ह ने भाग दिला’ असे पूर्ण वाक्य बोलावे लागते आणि कशाला भाग दिला हे आपोआप तोंडून येते. ‘अवयव पाडणे’ म्हटले की एका वस्तूचे भाग होतात, गुणाकाराने पुन्हा जोडता येण्यासारखे, हे दिसते. पदवीचे गणित मराठीत शिकवा असे माझे म्हणणे नाही. पुस्तके इंग्रजीतच आहेत आणि राहतील. पण सोडवलेले गणित घरी आजीला किंवा धाकट्या बहिणीला मराठीत-कोकणीत तोंडी सांगून पाहावे. ज्या पायरीवर जीभ अडखळते ती पायरी कळलेली नाही, इतके साधे मोजमाप दुसरे नाही. आजीला काही कळणार नाही, पण ती मध्येच ‘‘असे का?’’ म्हणून विचारते, आणि तिच्या त्या प्रश्नाला हमखास उत्तर नसते.

‘वेळ कुठे आहे, पोर्शन संपवायचा आहे’ ही शिक्षकांची तक्रार खरी आहे. सत्रे आखूड झाली, त्यात चवथीची सुट्टी, परीक्षा, अंतर्गत गुणांचे कागद. म्हणूनच मी सुट्टीवर भर देतो. प्रवेश परीक्षा झाल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंतचा काळ मुलाच्या हातात असतो आणि तेव्हा कोणी गुण देत नसते, ही त्या काळाची मोठी जमेची बाजू.

कोणते पुस्तक, असे पालक विचारतात. हॉल आणि नाइट यांचे उच्च बीजगणित १८८७ सालचे आणि लोनीची त्रिकोणमिती १८९३ ची; दोन्ही आजही आपल्या दुकानांत मिळतात, आणि कुंभकोणमला शाळेत असतानाच रामानुजनने लोनीवर हात बसवला होता हे प्रसिद्ध आहे. पण एकट्याने अभ्यास करणाऱ्या मुलाला ती रुक्ष वाटू शकतात. माझी पसंती गेलफांड यांच्या छोट्या पुस्तकांना. इस्राएल गेलफांड हे विसाव्या शतकातल्या मोठ्या गणित्यांपैकी एक. त्यांनी १९६४ साली मॉस्कोहून टपालाने चालणारी गणिताची शाळा सुरू केली, मोठ्या शहरांपासून लांब राहणाऱ्या मुलांसाठी. त्यांची बीजगणित आणि त्रिकोणमितीची पुस्तके पुढे इंग्रजीतही आली. पाने थोडी, प्रश्न नेमके, आणि लेखक शेजारी बसून बोलत असल्यासारखी भाषा. सत्तरीत किंवा काणकोणात, जवळपास चांगली शिकवणी नसलेल्या गावात बसलेल्या मुलाला ती पुरतात.

सुरुवात मात्र कोऱ्या कागदावर करावी. दोन कोनांच्या बेरजेचा साइन, सूत्र न आठवता, वर्तुळ काढून स्वतः मिळवायचा. कोणाला दोन दिवस लागतील, कोणाला आठवडा. ते झाले की त्याच एका सूत्रातून दुप्पट कोन, निम्मा कोन आणि ती चार सूत्रे एकामागून एक काढत जायची. मग गोव्याचा भरती-ओहोटीचा तक्ता शोधून एका महिन्याच्या उंच्या आलेख-कागदावर मांडायच्या. एका दिवसातल्या दोन भरत्या आपल्याकडे सारख्या उंचीच्या नसतात, हे तिसऱ्या-चौथ्या बिंदूलाच लक्षात येईल, आणि त्यासाठी मी वर बाजूला ठेवलेल्या लाटांपैकी एक-दोन परत घ्याव्या लागतील.